चावी बँकेला दिली म्हणजे कर्ज फिटत नाही

रुमालात गुंडाळलेला चाव्यांचा जुडगा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. एक लॅचची, एक सेफ्टी डोअरची, आणि सोबत गॅलरीच्या ग्रिलच्या कुलपाची एक छोटी किल्ली. नवरा खाली मान घालून बसला होता. बाई म्हणाल्या, "साहेब, घर तसं तुमचंच आहे. घेऊन टाका. आम्हाला फक्त यातून मोकळं करा."

मी तेव्हा एका बँकेच्या वसुली विभागात होतो. नवऱ्याची कंपनी बंद पडून सात महिने झाले होते. साठवलेले पैसे आणि मोडलेले दागिने यांवर पाच हप्ते भरून झाले होते. नंतरचे दोन थकले होते, तिसऱ्याची तारीख आठ दिवसांवर आली होती. त्या दिवशी मी चाव्या घेतल्या नाहीत. का घेतल्या नाहीत हे समजावून सांगायला मला तासभर लागला. तो तासभर मी इथे जमेल तितक्या सोप्या शब्दांत मांडतो आहे, कारण असा जुडगा घेऊन बँकेत जाण्याची वेळ आलेली माणसं मी नंतरही खूप पाहिली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना चुकीची खात्री होती.

सगळ्यात आधी त्या बाईंच्या पहिल्या वाक्याबद्दल. घर बँकेचं नसतं. खरेदीखतावर नाव तुमचं, सोसायटीच्या भाग दाखल्यावर नाव तुमचं, घरपट्टीच्या बिलावरही तुमचंच. बँकेनं तुम्हाला पैसे दिले आणि घराची मूळ कागदपत्रं तारण म्हणून स्वतःकडे ठेवली. सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा चढला, स्वतंत्र घर असेल तर मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात चढला. एवढंच. जे बँकेनं दिलंच नाही ते तिला 'परत' कसं करणार?

गृहकर्जाच्या करारात खरं तर दोन गाठी असतात. पहिली गाठ म्हणजे तुमचा शब्द: घेतलेले पैसे व्याजासह फेडीन. दुसरी गाठ म्हणजे गहाण: नाही फेडले तर हे घर विकून वसूल करा. चाव्या देता तेव्हा दुसरी गाठ बँकेच्या हातात जाते. पहिली तशीच राहते. घर विकून जेवढे पैसे येतील तेवढे कर्जातून वजा होतात. उरलेलं कर्ज तुमच्या नावावर, सहकर्जदाराच्या नावावर आणि जामीनदार असेल तर त्याच्याही नावावर उभंच असतं.

हा घोटाळा बहुतेक वेळा परदेशातल्या गोष्टी ऐकून होतो. अमेरिकेतला भाचा फोनवर सांगतो, 'मामा, आमच्याकडे लोक घर बँकेला देऊन टाकतात आणि सुटतात.' तो खोटं बोलत नाही. २००८ च्या मंदीत तिथं अनेकांनी खरोखरच पाकिटात चाव्या घालून बँकांना पाठवल्या. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या मूळ खरेदी-कर्जापुरती बँकेला उरलेली रक्कम कर्जदाराकडून मागता येत नाही. घराची मालकीच कागद करून बँकेला देण्याची पद्धतही तिथं आहे. पण अमेरिकेतसुद्धा हे सगळ्या राज्यांत सारखं नाही. इंग्लंडमध्ये तर चावी दिली तरी घर विकून भागलं नाही तेवढी रक्कम आपल्यासारखीच मागे लागते. आपल्याकडे 'घर घ्या आणि कर्ज विसरा' असा हक्क कर्जदाराला कुठल्याही कायद्यानं दिलेला नाही.

आणि बँकेला घर नकोच असतं. बँकिंग नियमन कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी लागत नसलेली स्थावर मालमत्ता बँकेला ७ वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाही. मालकी नावावर करून घ्यायची तर मुद्रांक शुल्क आलं, आणि आपल्या महाराष्ट्रात शहरांत ते सहा-सात टक्क्यांच्या घरात जातं. वर सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, राखण. बँकेला हवा असतो तो पैसा. म्हणून तुम्ही आपणहून चाव्या दिल्या तरी बँक घर मालक म्हणून घेत नाही. ती फक्त ताबा घेते आणि पुढे लिलावाकडे जाते. म्हणजे चाव्या दिल्या नसत्या तर ज्या रस्त्यानं गेली असती, त्याच रस्त्यानं. फरक इतकाच की मधला पोलीस बंदोबस्त टळतो.

तो रस्ता नेमका कसा आहे

२००२ साली आलेला सरफेसी कायदा हा तो रस्ता. दिवाणी कोर्टात दावा न लावता तारण विकण्याचा अधिकार तो बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांना देतो. सहकारी बँकांना तो लागू आहे का यावर बरीच वर्षं वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेलं आणि मे २०२० मध्ये 'लागू आहे' असा निकाल लागला. पतसंस्थांचं वेगळं. त्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेतात. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: मुद्दल-व्याज मिळून जे कर्ज होतं, त्याच्या २० टक्क्यांपेक्षा कमी रक्कम उरली असेल तर या कायद्याखाली कारवाई करता येत नाही.

हप्ता चुकला की लगेच काही होत नाही. फोन येतात, मेसेज येतात, दंडाची आकारणी सुरू होते. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे अनुत्पादक. ही रेघ फार महत्त्वाची आहे. तिच्या अलीकडे दोन हप्ते भरले तरी बँक निश्वास सोडते. पलीकडे गेल्यावर एक-दोन हप्ते भरून खातं वर येत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. माझ्यासमोर बसलेलं ते जोडपं या रेघेच्या जेमतेम महिनाभर अलीकडे होतं, म्हणून त्यांच्या हातात अजून पुष्कळ काही होतं.

एनपीए झाल्यावर कलम १३(२) ची नोटीस येते. सगळं कर्ज ६० दिवसांत भरा, असं तीत लिहिलेलं असतं. ही नोटीस आली की अनेक जण ती कपाटात ठेवून देतात. तसं करू नका. तुमचं म्हणणं लेखी कळवा: आकडा चुकलाय, भरलेला हप्ता धरलेला नाही, मुदत हवी आहे, जे असेल ते. बँकेला त्यावर १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. याच नोटिशीचा दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. ती मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय तुम्हाला घर विकता येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे त्यावर सगळं अवलंबून आहे.

६० दिवस उलटले की ताबा. आधी येतो तो सांकेतिक ताबा: अधिकारी येतात, दारावर नोटीस चिकटवतात, फोटो काढतात. तुम्ही घरात राहतच असता. पुढच्या ७ दिवसांत तीच नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. आतल्या पानावर बारीक अक्षरांत 'ताबा सूचना' म्हणून चौकटी दिसतात ना, त्या याच. नाव, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, थकबाकी, आणि खाली 'सर्वसाधारण जनतेस इशारा देण्यात येतो की…'. सासरी, माहेरी, ऑफिसात ती कुणीतरी वाचतंच. माझ्या अनुभवात माणूस सगळ्यात जास्त मोडतो तो या दिवशी, प्रत्यक्ष घर सोडतानाही नाही.

प्रत्यक्ष ताब्याला घरच्यांनी विरोध केला तर बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते आणि आदेश घेऊन पोलीस बंदोबस्तात येते. पंचनामा होतो, सामानाची यादी होते. भांडी, कपडे, फ्रीज, देवघर यातलं काहीही गहाण नसतं. ते तुमचं आहे आणि ते नेण्याचा तुमचा हक्क आहे. ताब्याच्या कारवाईत काही बेकायदा झालंय असं वाटलं तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं आहेत.

मग मूल्यांकन, राखीव किंमत (म्हणजे बोलीची किमान किंमत), आणि लिलावाची ३० दिवसांची सूचना. सगळं कर्ज खर्चासह भरून घर सोडवण्याची मुभा ही लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच असते. पूर्वी लोक अगदी शेवटच्या क्षणी पैसे आणून लिलाव थांबवायचे. २०१६ च्या दुरुस्तीनं ते दार अरुंद झालं आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते तसंच असल्याचं स्पष्ट केलं. 'लिलावाच्या दिवशी बघू' असा सल्ला आजही वकिलांच्या पायरीवर मिळतो. त्यावर विसंबू नका.

लिलावात किंमत का पडते

लिलावात घेणाऱ्याला २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरावी लागते आणि उरलेली विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. स्वतः कर्ज काढून घर घेणाऱ्या साध्या कुटुंबाला हे सहसा जमत नाही. विक्री 'जसे आहे जेथे आहे' या तत्त्वावर. सोसायटीची थकबाकी किती, आत गळती आहे का, कुणी भाडेकरू बसलाय का, हे ज्याचं त्यानं बघायचं. मग बोली लावायला येतात ते रोख पैसेवाले आणि धंदा म्हणून घेणारे. ते स्वस्तातच घेणार. राखीव किमतीखाली विकायचं असेल तर तुमची संमती लागते, पण ती मागत बसण्यापेक्षा बँक पुढच्या फेरीत राखीव किंमतच खाली आणते.

आता आकडे बघू. समजा ४० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता ३६ हजारांच्या जवळपास येतो. पाच वर्षं नियमित भरलेत म्हणजे साधारण २१ लाख ६० हजार भरलेत. शिल्लक कर्ज किती? साडेपस्तीस लाखांच्या आसपास. पाच वर्षांत मुद्दल फक्त साडेचार लाखांनी उतरलं, कारण सुरुवातीच्या हप्त्यात व्याजच जास्त असतं. हा आकडा ऐकून त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. तो कुणी त्यांना आधी सांगितलाच नव्हता.

या घराची बाजारातली किंमत ५० लाख धरा. आज स्वतः गिऱ्हाईक शोधून ४८ लाखांना विकलंत, तर बँकेचे पैसे आणि दलाली देऊन अकरा-बारा लाख हातात राहतात. नव्यानं उभं राहायला, भाड्याच्या घराच्या डिपॉझिटला, मुलांच्या फीला. आता दुसरं चित्र. चाव्या देऊन टाकल्या आणि गावी निघून गेलात. नोटिसा, ताबा, एक-दोन फसलेले लिलाव यांत दीड वर्ष गेलं. व्याज चालूच होतं, साडेपस्तीसचे साडेचाळीस लाख झाले. वर मूल्यांकन, जाहिराती, राखणदार, वकील, सगळा खर्च तुमच्या खात्यावर. घर ४२ लाखांना गेलं तर हातात जवळपास काहीच नाही. ३८ ला गेलं तर घरही गेलं आणि अडीच-तीन लाख देणंही उरलं, ज्यासाठी बँक कोर्टात जाऊ शकते. घर तेच, भिंती त्याच. वेळ आणि विकणारा बदलला, की दहा ते पंधरा लाखांचा फरक पडतो. म्हणून मी चाव्या घेतल्या नाहीत.

मग करायचं काय

नोकरी गेली, आजारपण आलं, धंदा बसला, की हप्ता चुकण्याच्या आधी शाखेत जा. फोनवर नको, आणि नुसतं बोलून तर नकोच. अर्ज द्या, पोच घ्या. त्यासोबत नोकरी गेल्याचं पत्र किंवा दवाखान्याचे कागद जोडा. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो. वरच्या उदाहरणात उरलेलं साडेपस्तीस लाखांचं कर्ज २५ वर्षांवर नेलं तर हप्ता ३० हजारांच्या थोडा खाली येतो, अर्थात वय त्यात बसत असेल तर. एकूण व्याज खूप वाढतं, पण पाय रोवायला जागा मिळते. हे बँकेच्या मर्जीवर असतं, हक्क म्हणून मागता येत नाही. कर्जासोबत विमा काढला होता का तेही कागदांत बघा. कर्ता माणूस गेला असेल किंवा मोठा आजार झाला असेल तर पुष्कळ घरांत तो विमा फाइलमध्ये विसरलेला सापडतो.

दंडाची आकारणीही तपासा. एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दंड व्याजदरात मिसळता येत नाही, तो वेगळा दाखवावा लागतो आणि त्याच्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

उत्पन्न लवकर परत येण्यासारखं नसेल, तर मन घट्ट करून घर स्वतः विका. कर्ज चालू असलेलं घर विकता येतं, यात लपवाछपवी काहीच नाही. बँकेकडून आजच्या तारखेचं येणं किती याचं पत्र घ्या आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी घ्या. गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत बोजा आहे हे सांगा. तो किंवा त्याची बँक ठरलेल्या रकमेतून थेट तुमच्या कर्जखात्यात पैसे भरते, तुमची बँक कागद सोडते, आणि उरलेले पैसे तुम्हाला मिळतात. बदलत्या व्याजदराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर त्यावर दंड लागत नाही. हे सगळं १३(२) च्या नोटिशीआधी झालं तर उत्तम. नोटीस आली असेल तरी बँकेची लेखी संमती घेऊन करता येतं, आणि शहाणी बँक ती देते, कारण तिचेही लिलावाचे श्रम वाचतात.

आणि कधीकधी खरंच काही उरत नाही. घराची किंमत कर्जाच्या खाली गेलेली असते, गिऱ्हाईक मिळत नाही, राहतं शहर सोडावं लागतं. तेव्हा ताबा आपणहून देणं शहाणपणाचंही असू शकतं. पण मग चाव्या टेबलावर ठेवून येऊ नका. आधी बोलणी करा आणि पत्रावर सही-शिक्का घ्या. त्यात ताबा दिल्याची तारीख हवी, वीज मीटरचं रीडिंग हवं, घरात काय ठेवलं याची यादी हवी. घर किती मूल्यांकनानं आणि कशा पद्धतीनं विकणार, हे हवं. सगळ्यात महत्त्वाचं एकच वाक्य: विक्रीनंतर रक्कम कमी पडली तर ती माफ, की तुमच्याकडून घेणार? ते माफ करायला बँक तयार असेल तर त्याला एकरकमी तडजोड म्हणतात. ती तोंडी कधीही मानू नका. शाखाधिकारी भला माणूस असतो, पण त्याची बदली होते, आणि त्याच्या जागी येणाऱ्याला फक्त फाइल दिसते. विक्रीतून कर्जापेक्षा जास्त आलं तर ते जास्तीचे पैसे कायद्यानं तुमचे आहेत. त्यासाठी बँकेकडे नवा पत्ता आणि खाते क्रमांक लेखी देऊन ठेवा. गावी निघून गेलेल्या किती जणांना हे पैसे आपल्याला मिळायचे होते हेच कळत नाही.

करही विसरू नका. घर लिलावात गेलं, सगळे पैसे बँकेनं घेतले, तरी आयकर खात्याच्या हिशेबात विक्री तुमची असते. खरेदीपेक्षा जास्त किंमत आली असेल तर भांडवली नफा धरला जातो, आणि स्वतः घेतलेल्या कर्जाची परतफेड त्यातून वजा होत नाही. जुन्या करपद्धतीत मुद्दलावर सवलत घेतली असेल आणि ताबा मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत घर गेलं, तर ती सवलत परत उत्पन्नात मिळवावी लागते. रिटर्न भरणाऱ्याला हे आधी सांगा.

पत अहवालावर पूर्ण फेडलेलं खातं 'क्लोज्ड' दिसतं आणि तडजोडीतलं 'सेटल्ड'. दुसरा शब्द पुढची अनेक वर्षं कर्जाच्या आड येतो. तरीही घर चालवण्यासाठी तडजोड करावी लागली तर करा. पत पुन्हा बांधता येते. आणि हप्ता चुकणं हा गुन्हा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. दिलेला चेक किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता वटला नाही तर मात्र वेगळी फौजदारी तक्रार होऊ शकते, म्हणून त्या नोटिशीकडे दुर्लक्ष नको. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. ते शेजाऱ्यांना सांगू लागले, मुलांसमोर ओरडू लागले, तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. तिथं दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा.

त्या जोडप्यानं चावी परत रुमालात बांधली. त्या आठवड्यात दोघांनी मिळून एक हप्ता भरला, तो बाईंच्या भावानं दिला होता. सोसायटीच्या फलकावर त्यांनी स्वतः चिठ्ठी लावली. गिऱ्हाईक तिसऱ्या मजल्यावरच्याच एका घरातून निघालं, त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला त्याच इमारतीत घर हवं होतं. खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर बाईंनी तोच रुमाल उघडला आणि जुडगा त्या मुलाच्या आईच्या हातात दिला. ग्रिलच्या किल्लीबद्दल सांगितलं की ती जरा वर उचलून फिरवावी लागते. बँकेचा बेबाकी दाखला, म्हणजे आता काही येणं उरलं नाही असं पत्र, त्यांना त्यानंतर मिळाला. आता नियम असा आहे की पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत बँकेनं मूळ कागद सोडायचे, बोजा उतरवायचा, आणि तिच्यामुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची.